आठव्या माळेचं सरबत

"बाबूराव! ए बाबूराव, हिकडं ये म्हणते न्हवं!"

अक्का हे ओरडल्या तेव्हा आम्ही वाघजाईचा डोंगर निम्मा चढून आलो होतो. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. आणि बाबूराव म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ते हयात असतानाही अक्कांनी त्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. जनगणनेचा माणूस दारात आला की त्या शेजारणीला पुढे करायच्या, 'तू सांग गं, मला न्हाई येत' म्हणून. लग्नातल्या उखाण्यातही त्यांनी ते नाव ओठातल्या ओठात पुटपुटून वेळ मारून नेली होती, असं घरात हसत हसत सांगितलं जायचं. आणि आता भर गर्दीत त्या नवऱ्याला अरेतुरे करून हाक मारत होत्या, तीही माझ्याकडे बघून.

"अक्का, मी आहे. धनंजय. तुमचा जावई."

"तू गप ऱ्हा," असं म्हणून त्या पायरीवरच बसल्या.

आजवर त्यांनी मला 'जावईबापू'शिवाय हाक मारली नव्हती. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. डोंगरावर चांगला गार वारा सुटला होता आणि या बाईचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. हात थरथरत होते. नजर माझ्यावर होती, पण मला बघत नव्हती.

सुवर्णा, म्हणजे माझा मेहुणा जालिंदर याची बायको, सरबताची बाटली काखेत धरून मागून येत होती. ती जागच्या जागी खिळली. तिच्या मागच्या बायकाही थांबल्या.

"द्वारकाक्कानं मालकांचं नाव घेतलं?" कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"नाव? अरंतुरं केलं की!"

हौसाबाई नावाची म्हातारी पुढे आली. गावात देवाधर्माचं काहीही असलं की तिचा शब्द शेवटचा. तिने अक्कांच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं आणि स्वतःचे हात जोडले. "गं बया! आगं, अक्का कुठली घेती मालकाचं नाव? ही आई बोलतीय. आई आली!"

एवढं म्हणायचाच अवकाश. 'उदं गं आई उदं' असा गजर झाला, वरच्या पायऱ्यांवरचा हलगीवाला धावत खाली आला आणि बघता बघता अक्कांभोवती माणसांचं कडं झालं. त्यांच्या कपाळावर मूठभर कुंकू फासलं गेलं. घामाने ते ओघळून नाकापर्यंत आलं.

मला मात्र तो घाम ओळखीचा होता. माझ्या वडिलांना मधुमेह होता, इन्सुलिनची सुई होती. सुई घेऊन जेवायला उशीर झाला की ते असेच घामाने भिजायचे, थरथरायचे आणि आईला भलत्याच नावाने हाक मारायचे. आई साखरेचं पाणी पाजायची. थोड्या वेळात ते 'काय गं, काय झालं?' म्हणत उठून बसायचे. उशीर झाला तर काय होतं, तेही मी एकदा पाहिलं होतं. त्यानंतर वडील उठले नाहीत.

आणि अक्कांनी सकाळी माझ्यासमोर सुई टोचून घेतली होती. आठवी माळ होती. एरवी नवरात्रात त्या शाबूदाणा, भगर असं काहीतरी खायच्या. पण आठव्या माळेला दर्शन होईपर्यंत तोंडात पाणीही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. 'अक्का, खाणार नसाल तर सुई नका घेऊ,' असं मी म्हटलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवघरात चपला घालून शिरलो होतो. "दागदरानं सांगितलंय, सुई चुकवायची न्हाई. आन आईनं सांगितलंय, नेम चुकवायचा न्हाई. मी दोगांचंबी ऐकते. तुमी च्या घ्या." सोलापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे, गिऱ्हाइकाला जवळचं दिसत नाही हे मी चटकन ओळखतो, पण सासूबाईंना ते सांगणं जावयाच्या खुर्चीत बसून जमत नाही. माझी बायको शैला बाळंतपणानंतर अजून सोलापुरातच होती. तिच्या वाटची ओटी भरायला म्हणून मी आलो होतो.

"सुवर्णा, सरबत दे. लवकर," मी म्हणालो.

दर्शन झाल्यावर अक्कांनी नेम सोडायचा म्हणून ते लिंबाचं सरबत सुवर्णाने घरून करून आणलं होतं. तिने बाटली पुढे केली नाही. छातीशी आणखी घट्ट धरली.

"दाजी, वर गेल्यावर... म्हणजे दर्शन..."

"दर्शन राहू दे. त्यांची साखर उतरलीय."

"आवं पाव्हणं!" हौसाबाई कडाडली. "वारं उतरल्याबिगर पाणी पाजायचं नसतंय. आईचा कोप हुईल. तुमी शेरगावचं, तुमास्नी काय कळतंय?"

मी बाटली सुवर्णाच्या हातातून ओढूनच घेतली. झाकण काढलं, आधी स्वतः घोट घेतला. गोड मिट्ट होतं. मला हायसं वाटलं. अक्कांचं डोकं मांडीवर टेकवून मी बाटली त्यांच्या तोंडाला लावली. त्या तहानलेल्याच होत्या, घटाघट प्यायल्या. बायका नापसंतीने चुकचुकल्या. मी मनात म्हणालो, चुकचुका आता किती चुकचुकायचं ते. जरा दम धरा, तुमची आई उठून मला जावईबापू म्हणेल.

हलगी वाजत होती. मी अक्कांच्या कपाळाकडे बघत राहिलो. माझे वडील शुद्धीवर यायचे तेव्हा आधी घाम थांबायचा, मग नजर ठिकाणावर यायची. अक्कांचा घाम थांबेना. मी आणखी पाजलं. त्यांनी अर्धं गिळलं, अर्धं हनुवटीवरून सांडलं. पुन्हा थांबलो. त्यांच्या जबड्याला बारीक कंप सुटला आणि डोळे वर जाऊ लागले.

बाटली रिकामी झाली होती. सबंध बाटलीभर साखर पोटात जाऊन माणूस खाली खालीच जातोय, हे काय होतं? मला वाटलं, साखर नव्हेच, हे दुसरंच काहीतरी आहे. झटका असेल, मेंदूतलं काही असेल. गर्दीच्या आवाजात मलाही क्षणभर असं वाटून गेलं, की हौसाबाई म्हणते तेच खरं असलं तर? मी देवभोळा माणूस नाही, पण तेव्हा भ्यालो. शैलाला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आदल्या संध्याकाळचं अक्कांचं बोलणंही तेव्हाच आठवलं. चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या होत्या, "हल्ली च्यात जीव न्हाई बगा. गोडी हाय, पर जीव न्हाई. आधी एक कप पिला की रानातनं फिरून येत हुते. आता पिऊन बी हातपाय गळत्यात. दुपारच्याला तर डोळ्यापुढं अंधारी येती." आम्ही सगळे हसलो होतो. जालिंदर म्हणाला होता, "अक्का, वय झालं आता, च्याला काय बोल लावती?" सुवर्णा हसली होती का, ते मी पाहिलं नव्हतं.

"आई, बोल!" हौसाबाई अक्कांपुढे गुडघे टेकून विचारत होती. "का आलीस? कुणाचं काय चुकलं? नाव घे, आई!"

अक्का काही बोलण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. पण त्यांचा उजवा हात झटका बसल्यासारखा वर उडाला आणि सरळ समोर ताठला. समोर सुवर्णा उभी होती.

हलगी थांबली. सगळ्या बायका सुवर्णाकडे वळल्या. तिचं तोंड पांढरं फटक पडलं होतं. माझ्या मनात आलं, भ्यालीय बिचारी. तेवढ्यात ती धाडकन पायरीवर पडली आणि अक्कांचे पाय तिने मिठीत घेतले.

"माझं चुकलं, आई! माझं चुकलं! अक्कांना सोड! डब्यातली साखर मीच बदलली. पुण्याच्या बहिणीनं पूड दिलेली, साखरंसारखीच दिसणारी. दोन महिने झालं, घरात साखर न्हाईच. च्यात तीच हाय, सरबतात बी तीच हाय. दागदर मला बोलत हुते, तुमी घरात असून अक्काची साखर वाढती कशी, म्हणून. अक्का ऐकत नव्हत्या. म्हणून मी लबाडी केली. मला काय कर, पर त्यांना सोड!"

गर्दीतून 'आईऽ गं' असा सुस्कारा उठला. हौसाबाई हात जोडून आकाशाकडे बघू लागली. आणि मी त्या रिकाम्या बाटलीकडे. जीभ चटावेल असं गोड सरबत मी अक्कांना पाजलं होतं, आणि त्यात साखरेचा कणही नव्हता. अंगाला काही म्हणजे काही मिळालं नव्हतं. मगाशी बाटली द्यायला ही का कचरत होती, तेही आता कळलं. ती मला सांगू शकली नाही. अक्कांना सांगू शकली नाही. देवीपुढे मात्र एका दमात सगळं बोलली.

शेजारी एका बाईच्या ताटात ओटी होती. खण, नारळ आणि कागदाच्या पुडीत बत्तासे. मी पुडी उचलली.

"अरं देवा! निवद हाय त्यो! आईला दावला न्हाई आजून!"

"आई इथेच आलीय म्हणताय ना? मग तिलाच देतोय!"

बत्तासे मुठीत चुरले, पाण्याचे दोन थेंब घातले आणि तो चिकट लगदा बोटाने अक्कांच्या गालाच्या आतून चोळू लागलो. त्यांचे दात माझ्या बोटावर बसले. मी ओरडलो, पण बोट काढलं नाही. पुन्हा चुरा, पुन्हा लगदा. दुसऱ्या बाईने आपल्या ताटातली खडीसाखर न बोलता माझ्यापुढे सरकवली. ती मी पाण्यात विरघळवून थेंब थेंब सोडली. सुवर्णा पाय सोडायला तयार नव्हती, तशीच रडत पडली होती.

अखेर अक्कांच्या घशाची हालचाल दिसली. मग घाम ओसरला. डोळे खाली आले, भिरभिरले आणि माझ्यावर स्थिरावले. पहिला हात गेला तो पदराकडे. डोक्यावरून पदर सारखा करत त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या तोंडात बोट का घातलंय तुमी?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पण अक्कांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पायऱ्यांवर बायका डोकं टेकून पडल्या होत्या. हौसाबाईने त्यांच्या पावलांना हात लावून तो हात कपाळाला लावला. गावच्या पाटलीणबाई, ज्यांच्या घरचं दळण अक्कांनी उमेदीत वर्षानुवर्षं दळलं आणि ज्यांनी त्यांना कधी उंबऱ्याच्या आत बसायला पाट दिला नव्हता, त्या पाटलीणबाई वाकून नमस्कार करत होत्या.

"सुनंनं पाप कबूल केलं आन आई शांत झाली," हौसाबाईने जाहीर केलं. बत्ताश्यांचं कुणी नावही काढलं नाही.

संध्याकाळी तालुक्याच्या डॉक्टरांनी अक्कांना तपासलं आणि मग आम्हा सगळ्यांना फैलावर घेतलं. सुवर्णाच्या त्या पुडीत वाईट काही नाही, ते म्हणाले. मधुमेहाला ती चालते. पण अक्का दिवसाला पाच-सहा कप साखरेचा चहा पीत होत्या, त्या हिशेबाने सुई ठरलेली. साखर गेली आणि सुई तेवढीच राहिली. म्हणून दुपारी गळून जात होत्या. वर आज कडक उपास. "आणि माणूस असा खाली गेला की खरी साखर लागते. गोड लागून उपयोग नाही, अंगात काहीतरी जायला हवं. आज थोडक्यात वाचल्या." सुई त्यांनी कमी करून दिली, खाल्ल्याशिवाय घ्यायची नाही असं बजावलं.

घरी आल्यावर मी अक्कांना सगळं पुन्हा नीट समजावलं. त्या भिंतीला टेकून शांत बसल्या होत्या. सुवर्णावर भडकतील असं वाटलं होतं. त्या तिला एक शब्दही बोलल्या नाहीत.

"म्हंजी सुई घिऊन खाल्लं न्हाई, की असं हुतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दर बारीला?"

"दर वेळी. आणि एखाद्या वेळी माणूस परत येत नाही, अक्का."

"आन साखर दिली की जातं."

"वेळेवर दिली तर."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, चला, एकदाचं समजलं. मी खुशीत शैलाला फोन करून सांगितलं, तुझी आई शहाणी आहे. अक्कांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या फोनची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो.

नवमीला सकाळपासून दारात चपला मावेनात. कुणाची म्हैस गाभण राहत नव्हती, कुणाचा नवरा दुबईला जाऊन पत्र नव्हतं. बायका नारळ घेऊन येत आणि अक्कांसमोर बसत. "आज आई न्हाई," अक्का सांगत, "दसऱ्याला पालखीसंगं डोंगरावर या." मी ते ऐकलं आणि म्हटलं, म्हातारी वेळ मारून नेतेय.

दसऱ्याला सकाळी हलगीच्या आवाजाने मी बाहेर आलो. दारात पालखी टेकवलेली होती, गर्दी जमलेली होती. ती पालखी त्या घरापुढे पूर्वी कधी थांबली नव्हती. जालिंदर नवा फेटा बांधून उभा होता.

"अक्कांनी काही खाल्लं का?" मी त्याला विचारलं.

तो माझी नजर चुकवत म्हणाला, "दाजी, तुम्ही पाव्हणं. यात पडू नका. सबंध गाव दारात आलंय."

मी तसाच आत घुसलो. सुवर्णा स्वयंपाकघरात बाटलीत सरबत ओतत होती. समोर आता दोन डबे उघडे होते, नव्या साखरेचा आणि त्या पुडीचा.

"कुठल्या डब्यातलं घातलंस?"

तिने मान वर केली नाही. "अक्कांनीच सांगितलं, पूडच घाल म्हणून. साखरंचं पिलं की आई लगेच जाती म्हणाल्या."

"आणि तू ऐकलंस? परवा काय झालं ते तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"पाहिलं, दाजी," ती म्हणाली. "हात माझ्याकडंच केला होता आईनं. आता मी कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?"

मधल्या खोलीत अक्का हिरवंगार लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या. कपाळभर मळवट. समोर वाटीत सुई भरून ठेवलेली. कमी केलेली नव्हे, जुन्या मापाने पूर्ण भरलेली. मी दारात आडवा उभा राहिलो.

"अक्का, हे देवीचं नाही. तुम्हाला मी सगळं सांगितलंय."

"सांगितलंय की. समजलंय बी मला," त्या अगदी सरळपणे म्हणाल्या. "मी काय येडी न्हाई, जावईबापू. सुई घितली, खाल्लं न्हाई, की हुतं."

"मग?"

"मग काय? साखरंनं बळ येतं, खरंय. जल्मभर त्या बळावर राबले. दळलं, कांडलं, दुसऱ्याच्या रानात भांगललं. कुणी म्हणलं का, द्वारके, जरा बस? परवा अंगात बळ नव्हतं तर पाटलीण पाया पडली."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. मी खिशातून साखरेची पुडी काढून दाखवली. रात्रीच बांधून ठेवली होती. "तुम्ही ऐकणार नसालच तर मी मागे मागे येतो. तुम्ही पडलात की ही तोंडात घालणार. कुणी काही म्हणो."

त्या पुडीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. बाहेर हौसाबाईने 'उदं गं आई' म्हणून हाक दिली आणि गर्दीने ती उचलली.

"ठेवा खिशात," अक्का म्हणाल्या. "पर मी हात केल्याबिगर द्यायची न्हाई. आईला बोलू द्या जरा."

"हात कसा करणार, अक्का? त्या वेळी तुमचा हात कुठला आणि पाय कुठला, हे तरी तुम्हाला कळतं का?"

त्या विचारात पडल्या. खरंच पडल्या, कपाळावरचा मळवट आक्रसला. हा विचार त्यांनी आधी केलेला नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं. क्षणभर वाटलं, जिंकलो.

"मग ती पुडी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि पोटावरचं लुगडं बाजूला करून त्यांनी सुई उचलली.